ध्वनिमुद्रणातील खरखर आणि आवाजाची पातळी



बोलीचा किंवा लोकसाहित्याचा अभ्यास करताना तुमच्या हाती येणारी मूळ सामग्री ही कानाने मिळवलेली असते. आजीच्या तोंडची ओवी, गोंधळ्याने सांगितलेली कथा, बाजारातले बोलणे हे सारे आधी ऐकावे लागते आणि मगच लिहावे लागते. लिहून घेतलेला मजकूर लिहिणाऱ्याच्या कानातून आणि प्रमाणभाषेच्या सवयीतून गाळून आलेला असतो. वऱ्हाडातला निवेदक 'डोया' म्हणाला, तरी 'डोळा' लिहायला सरावलेला हात पुष्कळदा 'डोळा'च लिहून मोकळा होतो. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकता येते, म्हणून ही चूक नंतर पकडता येते. मात्र त्यासाठी ते ध्वनिमुद्रण ऐकण्याजोगे असावे लागते. 'ळ' होता की 'य' होता, हे पंख्याच्या घरघरीत हरवले असेल, तर फाईल असूनही पुरावा नसतो.

पुन्हा जाऊन मुद्रण करू, असे म्हणण्याची सोय प्रत्येक वेळी नसते. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांपैकी काही भागच ध्वनिमुद्रित होऊ शकला. त्या गाणाऱ्या स्त्रियांपैकी काही जणी आज हयात नाहीत. त्यांच्या गळ्यातली चाल जिथे मुद्रित झाली तिथेच ती उरली आहे. तुमचा प्रकल्प लहान असेल. परंतु तुमच्यासमोर बसलेली ऐंशी वर्षांची व्यक्ती आणि तिचे बोलणे यांच्या बाबतीत परिस्थिती हीच आहे.

प्रस्तुत घटकात आपण साध्या संगणकावर किंवा लॅपटॉपवर आवाज मुद्रित करताना येणाऱ्या दोन अडचणी पाहणार आहोत. आवाज फाटणे किंवा फार हळू येणे ही पहिली, आणि आवाजासोबत खरखर, गुणगुण, घरघर येणे ही दुसरी. वरवर त्या वेगळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ पुष्कळ वेळा एकच असते.

आवाजाची पातळी

मायक्रोफोनचा पडदा हवेतील कंपनांबरोबर हलतो आणि त्या हालचालीचे विजेच्या चढउतारात रूपांतर होते. संगणक हे चढउतार ठराविक अंतराने मोजतो. ऑडिओ सीडीच्या प्रमाणात हे मोजमाप एका सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मापासाठी १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांची पट्टी वापरली जाते. या पट्टीचे वरचे टोक पक्के असते. त्यालाच शून्य डेसिबल म्हणतात, आणि त्याखालचे सारे आकडे उणे लिहिले जातात. मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधील मीटरवर उणे ६, उणे १२, उणे २४ असे आकडे दिसतात, त्याचा अर्थ इतकाच की आवाज त्या टोकापासून तितका खाली आहे.

शून्याच्या वर जागाच नाही. आवाज तिथे पोचला की लाटेचा शेंडा कापला जातो आणि लहर माथ्यावर सपाट होते. कानाला तो आवाज करकरीत, फुटका लागतो. बोलभाषेत आपण 'आवाज फाटला' म्हणतो, तो हाच प्रकार. असे मुद्रण नंतर हळू केले तर सपाट शेंडे खाली सरकतात, पण सपाटच राहतात. कापलेला भाग कुठेही नोंदलेला नसतो, म्हणून तो परत आणता येत नाही. काही सॉफ्टवेअर आजूबाजूच्या लहरीवरून तो भाग अंदाजाने भरून काढतात. एखादे अक्षर फाटले असेल तर कानाला त्याने बरे वाटेल. पण भाषेचा पुरावा म्हणून अंदाजाला किंमत नाही.

याउलट, आवाज फार हळू मुद्रित झाला तर तो नंतर मोठा करता येतो. अडचण अशी की त्यासोबत खोलीतला आणि यंत्रातला नको असलेला आवाजही तेवढ्याच पटीने मोठा होतो. मुद्रण ऐकताना जी खरखर जाणवते, ती अनेकदा मुळात फार नसते. बोलणे तिच्या तुलनेत कमी पडलेले असते. खरखरीची तक्रार ही बऱ्याच वेळा पातळीचीच तक्रार असते, ती या अर्थाने.

मग पातळी कुठे ठेवावी? निवेदक सर्वांत मोठ्याने बोलेल तेव्हा मीटर उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान जावा, अशी ती ठेवावी. वर इतकी जागा रिकामी सोडणे म्हणजे उधळपट्टी, असे अनेकांना वाटते आणि ते मीटर शून्याला भिडवण्याच्या मागे लागतात. हिशेब करून पाहा. एका बिटाला सुमारे ६ डेसिबल मिळतात. १६ बिटांना सुमारे ९६. त्यातले १२ डेसिबल सोडले तरी ८४ उरतात, आणि घरातल्या कोणत्याही खोलीची शांतता इतकी शांत नसते. २४ बिटांत मुद्रण करण्याची सोय असेल तर जागा आणखी वाढते. उलट, गप्पा मारणारी आजी मध्येच खळाळून हसली किंवा ओवीच्या शेवटी तिने आवाज चढवला, तर ते १२ डेसिबल क्षणात खर्ची पडतात. म्हणून पातळी बसवताना निवेदकाला 'काहीतरी बोला' असे सांगू नका. तशा वेळी माणूस संकोचून हळू बोलतो. एखादी ओवी गाऊन घ्या, किंवा दूरच्या माणसाला हाक मारायला सांगा. खरी पातळी तिथे कळते.

पातळी बिघडते कुठे

आवाज तोंडापासून फाईलपर्यंत जाताना वाटेत तीन-चार ठिकाणी लहानमोठा होतो. पहिले ठिकाण म्हणजे मायक्रोफोनचे अंतर. हे अंतर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी साधन आहे. तरी त्याकडेच लक्ष कमी जाते. अंतर दुप्पट झाले की थेट पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. मायक्रोफोन तोंडापासून एक वीत असेल आणि तो हातभर दूर सरकला, तर इतकीच घट होते, कारण दोन वितींचा एक हात. मात्र भिंतींवर आपटून येणारा घुमारा आणि पंख्याचा आवाज त्या प्रमाणात घटत नाही. म्हणून दूरच्या मायक्रोफोनचे बटण वाढवून काम भागत नाही. बोलण्यासाठी एक वीत अंतर बहुधा योग्य ठरते; मोठ्या आवाजात गाणाऱ्यांसाठी दीड-दोन वीत.

त्यानंतर येतात संगणकातील नियंत्रणे. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुट उपकरण निवडून त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये गेल्यास मायक्रोफोनची पट्टी दिसते, आणि अनेक संगणकांत तिच्याखाली 'मायक्रोफोन बूस्ट' नावाची दुसरी पट्टी असते. ही दुसरी पट्टी १०, २०, ३० डेसिबल अशा मोठ्या उड्या मारते. २० डेसिबलची वाढ म्हणजे लहरीची उंची दहा पट. बूस्टने आवाज वाढतो, तशीच मायक्रोफोनच्या आणि साउंड कार्डच्या आतली खरखरही वाढते. म्हणून आधी बूस्ट शून्यावर आणा, मुख्य पट्टी वाढवून पाहा, मायक्रोफोन जवळ घ्या. तरीही कमी पडले तरच बूस्टची एक पायरी चढा.

इथे एक चकवा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बूस्टपाशीच आवाज फाटला आणि पुढे मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधील पट्टी तुम्ही खाली ओढलेली असली, तर मीटर सुरक्षित दाखवतो, उणे १० च्या आसपास शांतपणे हलतो, आणि फाईल मात्र फाटलेली निघते. सॉफ्टवेअरमध्ये लहर मोठी करून पाहिल्यास तिचे शेंडे अर्ध्या उंचीवरच एका रेषेत कापलेले दिसतात. असे दिसले की दोष शेवटच्या पट्टीत शोधू नका, पहिल्या पट्टीत शोधा.

दुसरा चकवा संगणकाच्या अतिउत्साहाचा. आवाज आपोआप लहानमोठा करणारी सोय अनेक यंत्रांत मुळातच चालू असते. ती ऑडिओ एन्हान्समेंट्स या नावाखाली सापडते, किंवा संभाषणासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये दडलेली असते. ओळखण्याची खूण अशी: निवेदक थांबला की मागची खरखर हळूहळू वर चढत येते, आणि तो पुन्हा बोलू लागला की पहिलेच अक्षर दणकन आदळते. फोनवरील संभाषणासाठी ही सोय ठीक असेल. बोलीच्या मुद्रणासाठी ती बंदच हवी, कारण वाक्यातला आघात, आवाजाचा चढउतार आणि ओवीतला उसासा हे सारे ती एका पातळीला दडपून बसवते.

जोडणीबद्दलही थोडे. डेस्कटॉप संगणकाच्या मागे साधारणतः गुलाबी छिद्र मायक्रोफोनसाठी आणि निळे छिद्र टेपरेकॉर्डरसारख्या यंत्राच्या मोठ्या संकेतासाठी असते. घरात जुन्या भजनांच्या किंवा कीर्तनाच्या कॅसेट असतील आणि त्या संगणकावर घ्यायच्या असतील, तर वायर निळ्या छिद्रात जोडावी. गुलाबी छिद्रात ती फाटणार हे ठरलेले. मोबाईलच्या हेडसेटच्या पिनेवर तीन काळे पट्टे असतात. अशी पिन फक्त मायक्रोफोनसाठी असलेल्या छिद्रात खुपसली तर बहुधा नीट काम होत नाही. त्यासाठी दोन तोंडांची जोडपिन मिळते. शक्य असल्यास यूएसबी मायक्रोफोन वापरावा. त्यात आवाजाचे आकड्यांत रूपांतर मायक्रोफोनमध्येच होते आणि संगणकाच्या आतील विजेच्या गोंधळापासून आवाज दूर राहतो.

खरखर कुठून येते

ती एकाच जातीची नसते, म्हणून आधी कान लावून तिची जात ओळखावी. हेडफोन घाला, मुद्रण सुरू करा आणि कोणीही न बोलता अर्धा मिनिट ऐका.

'सऽऽऽ' असा बारीक, सतत येणारा आवाज असेल तर तो बहुतेक वाढवलेल्या बूस्टचा किंवा स्वस्त साउंड कार्डचा. खालच्या सुरातली 'घूंऽऽ' अशी गुणगुण असेल तर तो विजेचा दोष. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, त्यामुळे ही गुणगुण ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटींत, म्हणजे १००, १५० अशा सुरांत येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. गुणगुण गेली तर कारण सापडले, आणि मुद्रण बॅटरीवरच करा. संगणक आणि दुसरे एखादे यंत्र वेगवेगळ्या सॉकेटला जोडलेले असतील, तर ती दोन्ही एकाच बोर्डावर आणून पाहावीत. काही ठिकाणी गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. तो कदापि मानू नये. ती पिन विजेच्या धक्क्यापासून माणसाला वाचवण्यासाठी असते.

अधूनमधून 'टर्र-टर्र' ऐकू येत असेल तर जवळ मोबाईल आहे. तो विमान-मोडवर टाका. लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन वापरत असाल, तर आतला पंखा आणि कळफलकाची टकटक यांच्याशी तुमची गाठ पडणारच.

राहिली खोली. फरशी, स्लॅब आणि मोकळ्या भिंती असलेली दिवाणखान्यासारखी जागा पाहुण्यांसाठी चांगली, मुद्रणासाठी वाईट. तिथे आवाज घुमतो, आणि घुमारा नंतर काढून टाकणे खरखर काढण्याहून अवघड असते. गावाकडच्या घरात माजघर, किंवा जिथे धान्याची पोती, गाद्या, गोधड्या रचलेल्या असतात ती कोपऱ्यातली खोली स्टुडिओच्या बरीच जवळ जाते. 'प', 'फ', 'ब', 'भ' म्हणताना तोंडातून निघणारा वाऱ्याचा झोत मायक्रोफोनवर 'भप्प' असा आदळतो. त्यासाठी मायक्रोफोन तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, तिरका धरावा आणि त्यावर स्पंजची टोपी चढवावी.

पंख्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मे महिन्यात वयस्कर निवेदकाचा पंखा बंद करून तासभर बोलायला लावणे बरे नव्हे, आणि त्याने मुद्रणही सुधारत नाही. घामाघूम झालेला माणूस आटोपते घेतो. पंखा एकाच वेगावर चालू ठेवा, मायक्रोफोन त्याच्या झोताबाहेर आणि निवेदकाच्या जवळ आणा. एकसारखा आवाज नंतर हाताळता येतो. वेग बदलणारा, मध्येच बंद-चालू होणारा आवाज हाताळता येत नाही.

कोणता आवाज 'नकोसा', हेही अभ्यासाच्या विषयावर ठरते. जात्यावरची ओवी मुद्रित करताना जात्याची घरघर ही खरखर म्हणायची का? शब्दोच्चार तपासायचे असतील तर ती अडथळा आहे. ओवीची लय, खुंटा फिरण्याच्या गतीशी असलेले तिचे नाते अभ्यासायचे असेल, तर जाते हीच अर्धी सामग्री आहे. अशा वेळी दोन मुद्रणे करावीत, एक दळताना आणि एक नुसते गाताना. दोन्हींत गाणारीची चाल किती बदलते, हे पाहण्यातच कदाचित तुमच्या प्रकल्पाचा विषय सापडेल.

सॉफ्टवेअरने खरखर काढताना

ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर २००० सालापासून उपलब्ध आहे, आणि त्यात खरखर कमी करण्याची सोय दोन टप्प्यांत चालते. आधी कोणी बोलत नसलेला तुकडा निवडून सॉफ्टवेअरला 'हा नमुना' असे सांगायचे. मग संपूर्ण मुद्रण निवडून घट करायची. म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी दहा-पंधरा सेकंद सर्वांनी गप्प बसावे. ही शांतता म्हणजेच तो नमुना. मध्येच कोणतीही पट्टी हलवली तर नमुना आणि मुद्रण यांचा मेळ राहत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

या प्रक्रियेचे तत्त्व समजून घेणे भाषेच्या विद्यार्थ्याला अगत्याचे आहे. सॉफ्टवेअर आवाजाचे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत अनेक पट्ट्यांत विभाजन करते. प्रत्येक पट्टीत नमुन्यातील खरखर किती होती हे ते पाहते, आणि मुद्रणात जिथे त्या पट्टीतला आवाज त्या मर्यादेच्या आसपास किंवा खाली असेल तिथे तो दाबते. सॉफ्टवेअरला शब्द कळत नाहीत. दुबळा आणि विस्कळीत आवाज ते खरखर समजते.

आता मराठीचे ध्वनी आठवा. 'स', 'श' हे घर्षक स्वतःच एक प्रकारची खरखर आहेत. 'चार' या संख्यावाचकातील तालव्य 'च' आणि गुरांच्या 'चारा' या शब्दातील दंततालव्य 'च' लिपीत एकच दिसतात. 'थोडे' या अर्थाचा 'जरा' आणि 'वार्धक्य' या अर्थाचा 'जरा' हेही तसेच. या जोड्यांतला फरक कळतो तो उच्चारातील वरच्या सुरातल्या क्षणभराच्या घर्षणावरून. 'म्हैस', 'न्हाणे', 'कोल्हा' यांतला महाप्राण हा तर श्वासाचा हलका फुंकर आहे. घट जोरात लावली की सर्वांत आधी हेच जातात. मुद्रण 'स्वच्छ' होते, आणि ज्यासाठी आपण बोली मुद्रित केली तेच पुसले जाते. वर शब्दांच्या शेपटीला पाण्याच्या बुडबुड्यांसारखी टिवटिव चिकटते, ती वेगळीच.

यावर उपाय संयमाचा आहे. घट ६ ते १२ डेसिबलपर्यंत ठेवावी. थोडी खरखर उरली तर उरू द्यावी. ऑडॅसिटीच्या याच सोयीत, जे काढले जाणार आहे तेवढेच ऐकवणारा पर्याय आहे. तो निवडून ऐका. नुसती 'सऽऽऽ' ऐकू आली तर ठीक. तिच्यात निवेदकाच्या शब्दांची कुजबुज ऐकू येऊ लागली, तर तुम्ही भाषा काढून टाकत आहात. विजेची गुणगुण काढण्यासाठी ५० हर्ट्झवर अरुंद चाळणी लावण्यास हरकत नाही. परंतु १०० हर्ट्झच्या पुढे पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूरच सुरू होतो, तिथे जपून.

हे सर्व प्रयोग नेहमी प्रतीवर करावेत. मूळ फाईल वेव्ह स्वरूपात, हात न लावता ठेवावी. एकेरी वाहिनीचे १६ बिटांचे, ४४,१०० मापांचे मुद्रण मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट जागा घेते, म्हणजे तासाला सव्वातीनशेहूनही कमी. आजच्या पेनड्राइव्हला ते जड नाही. एमपीथ्री स्वरूपात जागा वाचते, पण कमी दर्जाच्या एमपीथ्रीत वरचे सूर आधी छाटले जातात, आणि 'च'च्या दोन उच्चारांचा निवाडा तिथेच असतो. संपर्कसत्रात ऐकवण्यासाठी किंवा मोबाईलवरून पाठवण्यासाठी एमपीथ्री करावी. लेखनासाठी आणि विश्लेषणासाठी मूळ फाईलकडेच यावे. फाईलच्या नावात तारीख आणि गाव घालावे, आणि तिची दुसरी प्रत त्याच दिवशी वेगळ्या साधनावर काढावी.

करून पाहा

निवेदकाकडे जाण्यापूर्वी घरातल्या एखाद्या व्यक्तीकडून 'चार', 'चारा', 'चहा', 'चाक', 'म्हैस', 'कोल्हा', 'शेत', 'सूप' हे शब्द एक वीत अंतरावरून आणि नंतर चार हातांवरून म्हणवून घ्या. दोन्ही वेळा पंखा चालू असू द्या आणि सुरुवातीला पंधरा सेकंदांची शांतता मुद्रित करा. दूरच्या मुद्रणाची पातळी वाढवून ती जवळच्या मुद्रणाइतकी करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. मग दूरच्या मुद्रणाच्या दोन प्रती घेऊन एकीवर ६ डेसिबलची आणि दुसरीवर ३० डेसिबलची घट लावा. शब्दांचा क्रम ठाऊक नसलेल्या मित्राला प्रत्येक फाईल ऐकवून, ऐकू आले ते लिहून काढायला सांगा, आणि कोणते अक्षर कोणत्या फाईलमध्ये चुकले याचा तक्ता तुमच्या वहीत करा.